मोटारींचा झटका आणि ८२.५ केव्हीएचा जनरेटर: परळच्या कामाच्या प्रकल्प नोंदी

२९ मे २०२५, गुरुवार

यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन धडकला. १९५० पासूनच्या नोंदींमध्ये इतक्या लवकर कधी आला नव्हता. हिंदमाताला नेहमीप्रमाणे पाणी भरलं. तिथून जवळच्याच गल्लीतली ही सोळा मजली इमारत, जुन्या चाळीच्या जागेवर उभी राहिलेली. त्या दिवशी वीज गेली, जनरेटर लागला, दिवे आले आणि काही सेकंदांतच लिफ्ट नवव्या आणि दहाव्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत एक आजी आणि त्यांचा नातू. लिफ्टचा मेकॅनिक पाण्यातून वाट काढत येईपर्यंत दोघं आतच. आजींना दम्याचा त्रास आहे.

सेक्रेटरींचा फोन आला. "दादा, लिफ्टवाले म्हणतात व्होल्टेज पडतंय, जनरेटरवाले म्हणतात सेट छोटा पडतोय. १२५ केव्हीएचं कोटेशन येऊन पडलंय. तुम्ही एकदा बघून सांगा, मग कमिटीत ठेवतो."

आज जागेवर जाऊन भार लिहून घेतला. ७.५ किलोवॉटच्या दोन लिफ्ट, दोन्ही व्हीव्हीव्हीएफ ड्राइव्हवर (मोटारीचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र). गच्चीच्या टाकीत पाणी चढवणारे १५ एचपीचे दोन पंप, एका वेळी एकच चालतो, स्टार-डेल्टा स्टार्टरवर (मोटार आधी स्टारमध्ये कमी व्होल्टेजवर उचलायची, मग डेल्टात पूर्ण व्होल्टेजवर टाकायची). बेसमेंटच्या खड्ड्यातलं पाणी उपसणारे ७.५ एचपीचे दोन सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारे पंप), डीओएल स्टार्टर (थेट पूर्ण व्होल्टेजवर लावणारा) आणि फ्लोट स्विचवर (पाणी चढलं की पंप लावणारा). जिने, पॅसेज, कॅमेरे, गेट मिळून ८ किलोवॉट. गच्चीवर १५ एचपीचा फायर बूस्टर. खालच्या मुख्य फायर पंपाला स्वतःचं डिझेल इंजिन आहे, तो या सेटवर नाही.

फायर बूस्टर सोडून सगळं एकदम चालू धरलं तरी ५१ किलोवॉटच्या आसपास होतात. इथला ८२.५ केव्हीएचा सेट (केव्हीए म्हणजे जनरेटरची एकूण क्षमता) ०.८ पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्यातला प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा धरून, ६६ किलोवॉट देतो. म्हणजे चालत्या भाराला सेट छोटा नाही. अडचण सुरू होण्याच्या वेळेची आहे.

३१ मे

सेक्रेटरींनी एक गोष्ट सहज बोलता बोलता सांगितली आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळून अख्ख्या मुंबईची वीज गेली होती. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या होत्या. त्या दिवशी हाच जनरेटर तासन्‌तास चालला आणि लिफ्ट एकदाही बंद पडली नाही. "मग आता असं काय झालं? पाच वर्षांत म्हातारा झाला का सेट?"

वॉचमनकाकांना विचारलं, लिफ्ट अडकते ती कधी? त्यांचं उत्तर लगेच आलं: पावसातच. उन्हाळ्यात वीज गेली तर काही होत नाही.

फरक खाली बेसमेंटमध्ये आहे. पावसात खड्डा भरलेला असतो, फ्लोट वर असतात, त्यामुळे दोन्ही सबमर्सिबल सप्लायची वाटच बघत असतात. त्यात महापालिकेच्या पाण्याची वेळ असेल तर गच्चीचा पंपही ऑटोवर तयार. वीज जाऊन जनरेटरने भार घेतला की त्याच क्षणी तिन्ही मोटारी एकत्र उठतात. ऑक्टोबर २०२० च्या त्या दिवशी खड्डा कोरडा होता आणि गच्चीचा पंप वॉचमनने हाताने, सवडीने लावला होता. सेट तोच, भारही जवळपास तोच, फक्त मोटारी एकत्र उठल्या नाहीत.

४ जून

आधी मेन सप्लायवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेवर, मोजमाप. जनरेटरवर मोजलं तर व्होल्टेज पडल्यामुळे करंटही कमी दिसतो आणि मोटारीची खरी भूक कळत नाही. साधा टाँग टेस्टर (तारेभोवती लावून करंट मोजायचा चिमटा) इथे उपयोगाचा नाही. काटा किंवा आकडा स्थिर होईपर्यंत झटका येऊन गेलेला असतो. इनरश मोड असलेला, म्हणजे सुरुवातीचा झटका टिपणारा क्लॅम्प आणि भाड्याचा पॉवर ॲनालायझर लावला.

सबमर्सिबल: चालता करंट ११ अँपिअर, सुरू होताना ७०. सहा पटींपेक्षा थोडा जास्त, डीओएलला हे अपेक्षितच. उठायला एक सेकंदही लागत नाही.

गच्चीचा पंप: चालता २१, स्टारमध्ये सुरू होताना ४५. डीओएलवर तो १३६ च्या घरात गेला असता. स्टारमध्ये लाइनचा करंट एक तृतीयांश होतो, तसाच टॉर्कही (फिरवण्याचा जोर) एक तृतीयांश. पण तिसऱ्या सेकंदाला टायमरने डेल्टात टाकल्यावर आकडा उडी मारून १२० वर गेला. स्क्रीनवर नीट पाहिलं तर स्टारचा करंट खाली उतरायला लागलाच नव्हता, म्हणजे मोटार अजून पुरती वेगात आलेली नव्हती. अर्ध्यावरच डेल्टात ढकलली तर स्टार-डेल्टा लावूनही डीओएलचाच झटका बसतो, फक्त तीन सेकंद उशिरा. मेनवर हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ट्रान्सफॉर्मर ते मुकाट्याने देतो.

१० जून

आज जनरेटरवर चाचणी. रहिवाशांना आदल्या दिवशी नोटीस, दोन्ही लिफ्ट तळमजल्यावर आणून रिकाम्या ठेवल्या, दारात माणूस उभा. खड्ड्यात टँकरचं पाणी सोडून फ्लोट वर आणले. मग मेन पाडलं.

फक्त दिवे असताना ५१.४ हर्ट्झ (इंजिनाच्या वेगाबरोबर बदलणारा आकडा, नेहमीचा ५०). एक सबमर्सिबल उठला तर व्होल्टेज नेहमीच्या ४१५ वरून ३६९. दोन्ही एकत्र उठले तर ३३२. मग तिन्ही मोटारी ऑटोवर ठेवून खऱ्यासारखं करून पाहिलं.

ॲनालायझरवर व्होल्टेजचे दोन खड्डे स्पष्ट दिसले. पहिला भार घेताक्षणी, ३१५ व्होल्टपर्यंत. त्याच वेळी बेसमेंटमधून खडखड ऐकू आली. वायरमन खाली उभा होता, तो ओरडला, "दोन नंबरचा कॉन्टॅक्टर नाचतोय!" कॉन्टॅक्टर म्हणजे मोटार जोडणारा चुंबकी स्विच. त्याच्या कॉइलला पुरेसं व्होल्टेज मिळेना म्हणून तो सुटायचा, व्होल्टेज जरा सावरलं की पुन्हा चिकटायचा, आणि दर वेळी चिकटताना सबमर्सिबल नव्याने ७० अँपिअर मागायचा. तेवढ्यात तिसरा सेकंद आला, गच्चीचा पंप डेल्टात गेला आणि दुसरा खड्डा पडला: २९८ व्होल्ट, ४६.९ हर्ट्झ. धुराड्यातून काळा लोट निघाला.

लिफ्टचा कंट्रोलर सप्लाय आल्यावर काही सेकंदांनी जागा होतो आणि गाडी हलवतो ती नेमकी या दुसऱ्या खड्ड्याच्या वेळेला. ड्राइव्हची डीसी बस (ड्राइव्हच्या आतलं डीसी व्होल्टेज) साधारण लाइन व्होल्टेजच्या १.३५ पट. २९८ ला ती ४०० व्होल्टच्या काठावर येते, आणि तिथेच ड्राइव्ह अंडरव्होल्टेज फॉल्ट घेऊन बंद होतो. आजींची सुटका करायला एआरडी (वीज गेली की बॅटरीवर लिफ्ट मजल्यावर आणणारं यंत्र) का धावला नाही, तेही आज कळलं. या लिफ्टचा एआरडी सप्लाय गेल्यावर जागा होतो. इथे सप्लाय चालूच होता, फॉल्ट ड्राइव्हमध्ये होता.

११ जून

रात्री कागदावर हिशेब जुळवला. कमिटीसमोर मांडायचा आहे, म्हणून इथे सविस्तर.

अल्टरनेटरच्या (जनरेटरचा वीज बनवणारा भाग) डेटा शीटवर ट्रान्झियंट रिॲक्टन्स, म्हणजे अचानक करंट मागितला की व्होल्टेज किती पडेल ते ठरवणारा आकडा, ०.२० पर युनिट आहे. ८२.५ भागिले ०.२० म्हणजे ४१२. मोटारींचा सुरुवातीचा केव्हीए भागिले (तोच केव्हीए अधिक ४१२), एवढ्यावर पहिल्या खड्ड्याचा अंदाज येतो. दोन सबमर्सिबलचे १४० आणि स्टारमधल्या पंपाचे ४५ मिळून १८५ अँपिअर, म्हणजे १३३ केव्हीए. खड्डा २४ टक्के. ४१५ चे ३१५. मोजलेला आकडाही तोच.

कमिटीला एक गोष्ट नीट समजावून सांगायची आहे. जनरेटर म्हणजे एका चौथऱ्यावर बसवलेली दोन यंत्रं. इंजिन किलोवॉट देतं, अल्टरनेटरला केव्हीए सोसावे लागतात. मोटार उभी असताना तिचा पॉवर फॅक्टर ०.३ ते ०.४ एवढाच असतो, म्हणून पहिल्या क्षणी झळ अल्टरनेटरला बसते आणि व्होल्टेज पडतं. मोटार वेग घेऊ लागली की पॉवर फॅक्टर सुधारतो, किलोवॉट वाढतात, मग इंजिन दबतं आणि हर्ट्झ पडतात. व्होल्टेज पडलं तर इलाज अल्टरनेटरच्या बाजूला किंवा मोटारींच्या स्टार्टरमध्ये. हर्ट्झ पडले तर डिझेल, हवा आणि गव्हर्नरमध्ये (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग). "सेट छोटा पडतोय" या एका वाक्यात दोन्ही गोष्टी एकत्र होतात आणि सोसायटी लाखो रुपयांचा सेट विकत घेते.

आयएसओ ८५२८ या जनरेटरच्या आंतरराष्ट्रीय मानकात सेटचे वर्ग आहेत. जी२ वर्गाला एकदम भार आल्यावर व्होल्टेज २० टक्के आणि हर्ट्झ १० टक्क्यांपर्यंत खाली जायला मुभा, जी३ ला १५ आणि ७. आपण मोटारींचं नीट केलं तर हाच सेट जी३ च्या मर्यादेतही बसावा.

१४ जून

इंजिनाकडे पाहिलं. आमच्या हिशेबात मोटारींचे सुरुवातीचे किलोवॉट ६६ च्या बरेच खाली येतात, तरी हर्ट्झ ५१.४ वरून ४६.९ वर का गेले? एअर फिल्टर काढला आणि उत्तर मिळालं. गल्लीत दोन वर्षं बांधकाम चालू आहे, त्या सिमेंटच्या धुळीने फिल्टरच्या घड्या पार बुजल्या होत्या. इंजिनाला श्वासच मिळत नव्हता. डिझेल फिल्टरही बदलला, खालच्या वाटीत पाणी साचलं होतं. मेकॅनिकल गव्हर्नरची लिंक जाम होती, ती सोडवून तेल दिलं.

मग एव्हीआर, म्हणजे अल्टरनेटरचं व्होल्टेज सांभाळणारा भाग. वेग फार घसरला तर एव्हीआर मुद्दाम व्होल्टेज कमी करतो, म्हणजे इंजिनावरचा भार हलका होऊन त्याला सावरायला वेळ मिळतो. ही सोय चांगली आहे, पण ती कुठल्या हर्ट्झला जागी व्हावी हे ठरवणारा स्क्रू कुणीतरी फिरवून ४९ वर आणून ठेवला होता. इंजिन जरा दबलं की एव्हीआर आणखी व्होल्टेज काढून घ्यायचा. ४७.५ वर लावला.

पुन्हा तिन्ही मोटारी एकत्र लावून पाहिल्या. दुसरा खड्डा ३०६ व्होल्ट, ४८.७ हर्ट्झ. काळा धूर जवळपास गेला. हर्ट्झचा प्रश्न संपला, आता व्होल्टेजचा.

या अल्टरनेटरचा एव्हीआर आपली ताकद अल्टरनेटरच्याच टर्मिनलवरून घेतो. व्होल्टेज पडलं की एक्सायटेशनलाही (अल्टरनेटरचं चुंबकत्व टिकवणारा करंट) कमी मिळतं, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी हात आखडतो. ऑक्झिलरी वाइंडिंग किंवा पीएमजी (एव्हीआरला वेगळी ताकद देणाऱ्या सोयी) असलेल्या अल्टरनेटरमध्ये ही अडचण नसते. इथे ते नंतर बसवता येणार नाही. पुढे कधी नवा सेट घ्यायची वेळ आली तर केव्हीएच्या आधी हे विचारा, असं सेक्रेटरींना लिहून दिलं.

१८ जून

दोन नंबरचा कॉन्टॅक्टर खोलला. तिन्ही कॉन्टॅक्टवरची चांदी उडालेली, मधल्या फेजला खळगा पडून खाली तांबं दिसत होतं, कडेला वितळून घट्ट झालेले मणी. बोट फिरवलं तर काजळी निघाली. आणखी एक-दोन पावसाळ्यांत तो चिकटून बसला असता, किंवा एक फेज तुटून सबमर्सिबल जळला असता. दोन्ही स्टार्टरचे कॉन्टॅक्टर नवे घातले.

आणखी एक सापडलं. पॉवर फॅक्टर सुधारणारं कपॅसिटरचं पॅनेल जनरेटरच्या बसवरही राहत होतं. रात्री फक्त दिवे असताना कपॅसिटर आत राहिले तर पॉवर फॅक्टर लीडिंग (उलट्या बाजूचा) होतो आणि एव्हीआरच्या हातात व्होल्टेज राहत नाही, ते वर चढतं. वॉचमनकाका म्हणाले, जनरेटरवर रात्री दिवे लवकर जातात. चेंजओव्हरच्या (भार मेनवरून जनरेटरवर नेणारा स्विच) ऑक्झिलरी कॉन्टॅक्टमधून वायर नेऊन जनरेटर चालू असताना हे पॅनेल बंद राहील असं केलं. फारसा खर्च नाही, पण हे आधीच व्हायला हवं होतं.

२२ जून, रविवार

कमिटीची बैठक, तळमजल्याच्या हॉलमध्ये. १२५ केव्हीएच्या बाजूने बोलणारे बरेच होते. आजींचा मुलगा सगळ्यात तळमळीने बोलला, आणि त्याची काळजी रास्त होती.

माझं म्हणणं असं मांडलं. १ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॉटपर्यंतचा नवा सेट सीपीसीबी फोर प्लसचाच (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं धुराचं मानक) घ्यावा लागतो. इंजिन स्वच्छ, ते चांगलंच, पण किंमत आणि देखभाल दोन्ही वरच्या. १२५ केव्हीए म्हणजे १०० किलोवॉटचं यंत्र. आपला रोजचा भार, दिवे आणि एक लिफ्ट, १२ ते १५ किलोवॉट. डिझेल इंजिन सतत ३० टक्क्यांच्या खाली चालवलं तर जळण पूर्ण होत नाही, एक्झॉस्टमध्ये ओलं काजळ साचतं. वर्षातून थोडे सेकंद येणाऱ्या झटक्यासाठी उरलेलं वर्षभर यंत्र अर्धपोटी चालवायचं. त्यापेक्षा झटकाच बारीक करू.

एका काकांनी विचारलं, "पण खात्री काय?" त्यांना ॲनालायझरचे छापील आलेख दाखवले, दोन्ही खड्डे, आणि कुठल्या कामाने कुठला खड्डा किती भरेल ते पेन्सिलने काढून दाखवलं. मंजुरी मिळाली. आजींच्या मुलाने एक अट घातली: काम झाल्यावर लिफ्टमध्ये माणूस बसवून चाचणी घ्या. मान्य केली. बसायचं मी.

२ जुलै

गच्चीच्या दोन्ही पंपांना सॉफ्ट स्टार्टर (मोटार हळूहळू उचलणारा), बायपास कॉन्टॅक्टरसह. स्टार-डेल्टाचा टायमर सात सेकंदांवर नेऊनही काम बरंच भागलं असतं, पण डेल्टात जाताना मधला क्षणभर मोटार मोकळी सुटते आणि छोटी उडी राहतेच. व्हीएफडीचाही (लिफ्टसारखाच वेग बदलणारा ड्राइव्ह) विचार केला होता. पण पंप एकाच उंचीवर पाणी चढवतो, वेग कमी करून वीज वाचत नाही, आणि लिफ्टचे दोन ड्राइव्ह आधीच या छोट्या अल्टरनेटरला हार्मोनिक्स (विजेच्या लाटेतला बिघाड) देतात. तिसरा नको.

सबमर्सिबलना डीओएलच ठेवलं. केबलमध्ये तीनच तारा वर येतात, स्टार-डेल्टा शक्यच नाही, आणि एकेकटा उठला तर सेटला जड नाही. फक्त क्रम लावला. जनरेटरने भार घेतला की दिवे आणि लिफ्ट लगेच, पंधराव्या सेकंदाला पहिला सबमर्सिबल, पंचविसाव्याला दुसरा, चाळिसाव्याला गच्चीचा पंप. सेट मोकळा असताना मोठी मोटार आधी उचलावी हा नेहमीचा नियम आहे. इथे मोठी मोटार सॉफ्ट स्टार्टरवर गेली, आणि बेसमेंटमधलं पाणी थांबत नाही, म्हणून उलटा क्रम योग्य. टायमर फक्त जनरेटरवर काम करतात. मेनवर सगळं पूर्वीसारखं.

४ जुलै

सॉफ्ट स्टार्टरची करंट मर्यादा आधी अडीच पट ठेवून पाहिली. मोटार अर्ध्या वेगावर रेंगाळली. व्होल्टेज घटलं की टॉर्क त्याच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात घटतो, तेव्हा फार कंजूषपणा चालत नाही. तीन पटीवर, आठ सेकंदांच्या रॅम्पला सहज उठली. ६३ अँपिअर, ४५ केव्हीए, खड्डा दहा टक्क्यांच्या आत. सुरुवातीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बंदच असतो, पंपावर फारसा भार नसतो, त्याचाही फायदा.

सॉफ्ट स्टॉपही लावला. पंप बंद होताना पाइपात जो धाडकन आवाज व्हायचा तो गेला. पहिल्या मजल्यावरच्या काकू सांगायला खाली आल्या, बाळ आता दचकून उठत नाही.

९ जुलै

जुलै म्हणजे फायरच्या फॉर्म बी चा (आग विझवायची यंत्रणा ठीक असल्याचं सहामाही प्रमाणपत्र) महिना, त्यामुळे परवानाधारक एजन्सीची माणसं येणारच होती. त्यांच्यासमोरच फायर बूस्टरची चाचणी जनरेटरवर घेतली. फायर पंप कुठल्याही टायमरमागे ठेवायचा नाही. त्याला सुरू होण्याचा हुकूम मिळाला की गच्चीचा पंप आणि दोन्ही सबमर्सिबल आधी सुटतात, मग तो उठतो. इंटरलॉक तीनही बाजूंनी तपासला. स्टारमधून डेल्टात जाण्याचा त्याचा टायमरही तीनवरच होता, सातवर नेला.

दुपारी लिफ्टची चाचणी. खड्डा भरलेला, पंप ऑटोवर, मी लिफ्टमध्ये नवव्या मजल्याच्या पुढे, वायरमनने मेन पाडलं. सेट आला, लिफ्ट हलली, सोळाव्याला गेली, खाली आली. पंधराव्या आणि पंचविसाव्या सेकंदाला लिफ्टमधला दिवा किंचित मंद झाला, बस. आजींचा मुलगा दुसऱ्या फेरीला स्वतः आत आला.

२३ जुलै

पहाटे पावसात खरोखरची वीज गेली. मेमरीतल्या नोंदी आज उतरवल्या: सर्वांत खाली ३६७ व्होल्ट, ४९.२ हर्ट्झ, दुसरा सबमर्सिबल उठतानाचे. साडेअकरा टक्क्यांचा खड्डा. कॉन्टॅक्टर एकही सुटला नाही, ड्राइव्हच्या फॉल्ट यादीत नवी नोंद नाही.

बाकी राहिलेलं काम: एआरडीच्या बॅटऱ्या जुन्या आहेत, लिफ्टच्या कंपनीकडे मागणी लावली. ड्राइव्ह फॉल्टलाही एआरडीने गाडी मजल्यावर आणावी अशी सेटिंग त्यांच्याकडे आहे का, तेही विचारलं. एअर फिल्टरची तपासणी गल्लीतलं बांधकाम संपेपर्यंत दर महिन्याला, वॉचमनकाकांच्या वहीत लिहिली. आणि सबमर्सिबलचं पॅनेल अजून बेसमेंटमध्ये गुडघ्याएवढ्या उंचीवर आहे. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा शहरात अशी खालची पॅनेलं पाण्यात गेली होती. उपसा करणाऱ्या पंपाचाच स्टार्टर बुडाला तर वरचं हे सगळं काम निरुपयोगी. पॅनेल रॅम्पच्या वरच्या टोकाला न्यायचं, केबल २२ मीटर जास्त लागेल. माप घेऊन झालं, सामान शनिवारी येतंय.